इनुकाई मास्तरांचा दगड

इनुकाई मास्तरांनी मला तीन वेळा नापास केलं, आणि तिन्ही वेळा एकाच वळणावर. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी जे सांगेन त्याला थोडं तिखट-मीठ लागलेलं असणार, हे आधीच कबूल करते. आज मी बासष्ट वर्षांची आहे आणि अजून सायकल दामटते. पावसात एका हाताने छत्री धरून चालवते, जे कायद्याने मना आहे. त्याचं पाप मास्तरांच्या डोक्यावर.

आमच्या मिनोसे गावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तर छत्तीस वर्षं शिकवत होते. तिथल्या मैदानात दोन काटकोनांचं एक अरुंद वळण आहे. तसं ते सगळ्याच स्कूलमध्ये असतं, पण आमच्याकडचं जरा जास्तच आवळलेलं आहे, कारण मधे एक जिझो बसलाय. रस्त्याकडेचा दगडी देव, लाल टोपडं घातलेला, डावा कान तुटलेला. स्कूल बांधताना त्याला हलवायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून रस्ताच त्याला वळसा घालून नेला. परीक्षेच्या सकाळी सगळे उमेदवार त्याच्यापुढे हात जोडतात. मीही जोडले होते. तिन्ही वेळा माझं मागचं डावं चाक पांढऱ्या रेषेला लागलं. चढलं नाही हो, नुसतं लागलं.

"तोमिकोसान, रेषा म्हणजे रेषा," मास्तर म्हणाले आणि कागदावर फुली मारली. तिसऱ्या वेळी मी गाडीतच रडले, तेव्हा त्यांनी हातरुमाल पुढे केला आणि म्हणाले, की रडताना आरशाकडे दुर्लक्ष झालं तर तेही गुण जातात.

तर असा हा माणूस. आणि या माणसाचं सगळं आयुष्य तलवारींवर ओवाळून टाकलेलं. किकुझा थिएटरमध्ये मी चहा आणि बसायच्या गाद्या देते. सव्वाशे माणसं बसतील एवढंसं थिएटर. दर महिन्याला नवी नाटकमंडळी येते, तोंडाला पांढरा रंग फासते, आणि रोज दुपारी बारा वाजता अन्याय झाला म्हणून दहा-बारा जणांना कापून काढते. गावातल्या म्हाताऱ्या डबे घेऊन येतात, पहिल्या अंकात जेवतात, दुसऱ्यात रडतात. मास्तर निवृत्त झाल्यापासून रोज तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसतात. त्याआधी दर सोमवारी बसायचे, कारण सोमवारी स्कूल बंद.

तलवारबाजीच्या नाटकात शेवटच्या वाराआधी मुख्य नट थबकतो. तलवार वर, मान हळूच वळलेली, डोळे नाकाशी आलेले. त्या क्षणी प्रेक्षकांतून कुणीतरी त्याच्या नावाची हाळी द्यायची असते, मगच वार पडतो. लवकर दिली तर नटाचा तोल जातो, उशिरा दिली तर तो बिचारा तसाच ताटकळतो. ही हाळी आमच्याकडे तीस वर्षं इनुकाई मास्तरच देत आले. त्यांना कुणी नेमलं होतं म्हणाल तर कुणीच नाही. एकदा मला राहवलं नाही, मी चहाच्या किटलीमागून ओरडले. मध्यंतरात मास्तर मुद्दाम चालत माझ्याकडे आले आणि म्हणाले, अर्धा श्वास लवकर झाली. बाकी काही नाही, चहा पण नको.

खेळ संपला की नट दाराशी ओळीने उभे राहतात, प्रेक्षकांना निरोप देतात. बायका त्यांना मिठाई देतात, हात हातात घेऊन सोडत नाहीत. मास्तर चुकांची यादी देतात. अमक्याने वळण्याआधी मागे पाहिलं नाही. तमका मेल्यावर श्वास घेताना दिसला. मंडळीचा प्रमुख कमरेत वाकून ती यादी दोन्ही हातांनी घेतो, आणि मास्तर वळले की ती कुठे जाते ते मला ठाऊक आहे, कारण कचऱ्याची टोपली मीच रिकामी करते.

पण नाटकं ही मास्तरांची चटणी-कोशिंबीर. पानातला भात म्हणजे 'शरदातला सूड'. हा सिनेमा त्यांनी विसाव्या वर्षी पाहिला, दूर नीगाताकडच्या मासेमारीच्या गावात, एका आठवड्यात अकरा वेळा. शेवटी दाट धुक्यात, कठडा नसलेल्या लाकडी पुलावर, नायक एकामागून एक सात जणांना लोळवतो. तो पूल मिनोसेचा आहे असं कुठल्याशा मासिकात वाचून मास्तरांनी बोचकं बांधलं आणि आमच्या गावात राहायला आले. ड्रायव्हिंग शिकवायची त्यांना हौस होती असं नाही. पुलापासून सायकलवर जाण्याजोगी तेवढी एकच नोकरी होती.

पुढे त्यांनी वहीच घातली. क्योतोच्या आसपास तलवारींचे सिनेमे कुठे कुठे काढले, कुठल्या देवळाच्या पायऱ्यांवर कोण मेलं, कुठल्या कालव्याकाठी कोणी सूड उगवला, सगळं त्यात. सुट्टीच्या दिवशी ओसाकाकडून असलेच पंधरा-वीस शौकीन येतात आणि मास्तर त्यांना हिंडवतात. हातात सिनेमातलं छापलेलं चित्र धरायचं, एक डोळा मिटायचा, आणि चित्रातल्या डोंगराची रेघ खऱ्या डोंगराच्या रेघेला जुळेपर्यंत मागे मागे सरकायचं. दरवर्षी त्यातला एक तरी भातखाचरात पडतो. मग सगळे त्याच्याकडे हेव्याने पाहतात, कारण तो बरोबर कॅमेऱ्याच्या जागी पडलेला असतो.

पुलावरच्या त्या मारामारीत मात्र जुळवायला डोंगरच नाही. सगळं धुकं. नुसत्या फळ्या दिसतात आणि डाव्या कोपऱ्यात एक गोल गुळगुळीत दगड. मास्तरांच्या मते तो नावाड्यांचा नाव बांधायचा दगड. तो त्यांनी चार वर्षं नदीकाठी शोधला आणि पश्चिमेच्या काठावर त्यांना सापडला. लग्न झाल्यापासून दर नऊ नोव्हेंबरला, म्हणजे सिनेमातल्या सुडाच्या तारखेला, ते बायकोला त्या दगडाशेजारी उभं करतात. हातात कागदी छत्री. ती सातवा शत्रू. मास्तर बांबूची तलवार उगारतात, थबकतात, स्वतःच्याच नावाची हाळी स्वतःच देतात, आणि वार करतात. मग तिने छत्री खाली सोडायची. कंबर धरते म्हणून न पडायची सूट दिली आहे.

त्या बाईचं नाव साचिए. एक्केचाळीस वर्षं नोव्हेंबरच्या वाऱ्यात पायात दोन-दोन मोजे घालून उभी राहिली. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही का येत? ती म्हणाली, वर्षातून एकदाच तर मारतात. हे ती हसून म्हणाली की कसं, ते मला आजवर कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात नगरपालिकेच्या पर्यटन खात्यातले कुरामोचीसान मास्तरांच्या घरी गेले. पुलाशेजारी शिलालेख बसवायचं ठरलं होतं. 'शरदातला सूड' या चित्रपटातलं अखेरचं द्वंद्व येथे चित्रित झालं, आणि खाली बारीक अक्षरांत, स्थळशोधक इनुकाई शोसाकु. झालं. मास्तर जमिनीवर राहिनात. माझ्या टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून स्वतःच्या नावाची अक्षरं काढून बघायचे. शोसाकुमधलं पहिलं अक्षर दगडात भरदार दिसेल का, हा प्रश्न त्यांनी मला चार दिवस विचारला. मी चेष्टा केली खरी, पण एक सांगते. त्यांना मूलबाळ नाही. स्कूलच्या भिंतीवर मुख्याध्यापकांचे फोटो आहेत, शिक्षकांचे नाहीत. माणसाला वाटतंच, की आपलं नाव कुठेतरी कोरलेलं आपल्याच डोळ्यांनी वाचावं. थडग्यावरचं काही आपल्याला वाचता येत नाही.

शिलालेख कापून आला. अनावरण आठ नोव्हेंबरला, रविवारी, कारण नऊला सोमवार पडत होता आणि सोमवारी कोण येतंय. आणि त्याच महिन्यात किकुझाला जी मंडळी आली, तिच्यात हिनोकीदा नावाचा सत्तरीचा एक नट होता. फक्त मरायचं काम करायचा. नायकाची तलवार हलली रे हलली की हा असा कमानीसारखा मागे वाकून पडायचा, की बायका हातातला घास विसरायच्या. पहिल्याच दिवशी मास्तर गादीवरून अर्धे उठले. मला म्हणाले, हे पडणं मी अकरा वेळा पाहिलंय. हा सातवा आहे.

खरोखरच निघाला. हिनोकीदा तरुणपणी सिनेमात कापला जायचा, पडद्यावर कधी नाव नाही, पुढे सिनेमे कमी झाले तसा नाटकमंडळीत आला. कुरामोचीसाननी लगोलग त्याला अनावरणाचा प्रमुख पाहुणा केला. त्याने शिलालेखाशेजारी एकदा मरून दाखवायचं, असंही ठरलं.

शुक्रवारी दुपारचा खेळ संपल्यावर मास्तर त्याला माझ्याकडे चहाला घेऊन आले. साचिएसान घरची पर्सिमनची केशरी फळं घेऊन आली होती, ती सुरीने सोलत बसली. मास्तरांनी वही उघडली. परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले होते. म्हणाले, पुलावरचे सातवे आपणच ना?

हिनोकीदा हसला. "सातवा मीच. चौथा मी, दुसरा पण मीच. सात माणसं कुठली हो, आम्ही तिघं होतो. टोप बदलायचा नि परत मरायचं."

मास्तरांनी ते लिहून घेतलं. मग त्या दगडाचं विचारलं, तो नाव बांधायचा. हिनोकीदाला काही केल्या आठवेना. एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. म्हणाला, तो होय, तो लोणच्याच्या पिंपावरचा. वजनाला ठेवतात ना, तो. त्यावर बसून मी भाताचे गोळे खाल्ले होते.

आणि मग तो आपला गरम चहा भुरकत, मजेत सांगत सुटला. पुलावर दोन दिवस काम झालं, नायक चालत जातो तेवढंच. तिसऱ्या दिवशी पूर आला आणि फळ्या गेल्या वाहून. आमच्या पुलाच्या फळ्या दोरांनी बांधलेल्या असतात, पूर आला की सुटून तरंगतात, मग ओढून आणून परत अंथरायच्या, त्याला पंधरा दिवस लागतात. दिग्दर्शकाला पंधरा दिवस परवडणार कुठून? गावाबाहेर लोणच्याच्या कारखान्यामागे मोकळी जागा होती. तिथे अकरा फळ्या पिंपांवर टाकल्या, ओला पेंढा पेटवून धूर केला. धूर एवढ्यासाठी, की मागचा कारखाना दिसू नये. वास मात्र आंबलेल्या मुळ्याचा. हिनोकीदा म्हणाला, मी मरताना नाक का मुरडलंय, ते नीट बघा एकदा.

तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. कारखान्याभोवती कापडाचे आडोसे लावले होते ते मला आठवलं. आगीची तालीम आहे असं आम्हाला सांगितलं होतं.

मास्तरांनी विचारलं, जागा नक्की कुठली? आवाज अगदी हळू.

"एक पर्सिमनचं झाड होतं," हिनोकीदा म्हणाला, "आणि एक जिझो. डावा कान तुटलेला. आम्ही त्याच्यावर टोप वाळत घालायचो."

लोणच्याचा कारखाना बंद पडला आणि ती जागा कुणी घेतली, हे मिनोसेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. नीगाताहून हा माणूस ज्या जागेसाठी आला, त्या जागेवर बसून छत्तीस वर्षं त्याने लोकांना नापास केलं, आणि दरवर्षी सुट्टी काढून बायकोला दुसरीकडे नेऊन मारलं. माझी किटली हातात तशीच राहिली. मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

साचिएसानने सुरी खाली ठेवली. "म्हणजे एक्केचाळीस वर्षं मी भलत्याच दगडाशेजारी उभी होते," ती म्हणाली, आणि पर्सिमनची एक फोड स्वतःच खाल्ली. नवऱ्याला दिली नाही.

हिनोकीदा काही वाईट माणूस नव्हता. काय घोटाळा झालाय ते कळल्यावर त्यानेच मास्तरांची समजूत काढली. "काळजी करू नका. मला जिथं मर म्हणतील तिथं मी मरतो. उभा जन्म तेच केलंय. परवा पुलावर मरेन, कुणाला कळणार आहे?"

कुणालाच कळणार नव्हतं, हे खरं. तो, साचिएसान, आणि मी. आम्ही तिघांनी मूग गिळले असते तर दगडावरचं नाव पुढची दोनशे वर्षं हललं नसतं.

शनिवारी मास्तर आपल्या जागेवर येऊन बसले. शेवटची मारामारी आली. मंडळीच्या प्रमुखाने तलवार उगारली, मान वळवली, डोळे नाकाशी आणले आणि थांबला. हाळी आली नाही. तो थांबलेलाच. ढोल वाजवणारा परत परत तेच वाजवतोय. प्रमुखाचे हात थरथरायला लागले, कपाळावरचा रंग ओघळला, प्रेक्षक खोकायला लागले. शेवटी समोर उभ्या हिनोकीदाला त्याची दया आली, आणि वार व्हायच्या आधीच तो मरून पडला. किकुझात असं मरण आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मास्तर गुडघ्यांकडे बघत बसले होते.

खेळानंतर ते माझ्याकडे आले. यादी लिहिलेली नव्हती. चहा मागितला आणि प्यायले नाहीत. मग म्हणाले, तोमिकोसान, चाळीस वर्षं लोक तो पूल बघायला येतात. त्यांना आनंद होतो. पूल सिनेमात आहेच की, दोन दिवसांचं काम तर तिथेच झालं. थोडाच फरक आहे.

मला काय झालं सांगू? आनंद झाला. खोटं कशाला बोलू, तीस वर्षं या वाक्याची मी वाट बघत होते. मी टेबल पुसलं, फडकं पिळलं, आणि म्हणाले, "माझंही चाक नुसतं लागलं होतं, मास्तर. चढलं नव्हतं."

मास्तरांनी वाकून नमस्कार केला, चहा तसाच ठेवून गेले. त्या चहाकडे बघून मला जरा वाईट वाटलं, पण जराच.

रविवारी सकाळी पुलाशेजारच्या बांधावर खुर्च्या मांडल्या होत्या. शिलालेखावर पांढरं कापड. वारा असा, की कुरामोचीसान कापडाचं टोक पायाने दाबून उभे होते. ओसाकाचे शौकीन आले होते, किकुझाची अर्धी बायकामंडळी आली होती, आणि मी पुढच्या रांगेत बसले होते, कारण मला मास्तरांचं तोंड स्वच्छ बघायचं होतं.

आमच्याकडे भाषण माफीनेच सुरू होतं. नगराध्यक्ष उठले आणि म्हणाले, माझ्यासारख्या अडाण्याने अशा प्रसंगी बोलणं शोभत नाही, आणि वीस मिनिटं बोलले. व्यापारी मंडळाचे प्रमुख म्हणाले, मला बोलावलं हीच मोठी चूक झाली. कुरामोचीसान म्हणाले, आमच्या खात्याच्या हातून काही धड होत नाही. प्रत्येक वेळी लोकांनी मान डोलावली. अशा वेळी कुणी शब्दावर जात नाही, नुसत्या वाकण्याचा कोन बघतात.

मग मास्तर उठले. लग्नातला काळा सूट घातला होता, खांद्यांत सैल झालेला. माइकपुढे उभे राहिले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ही चूक आहे. हे स्थळ मी शोधलेलं नाही."

लोकांनी कौतुकाने सुस्कारा सोडला. काय नम्रता.

मास्तर म्हणाले, हा दगड चुकीच्या जागी बसतोय. टाळ्या पडल्या. ते म्हणाले, मी चाळीस वर्षं तुम्हा सगळ्यांना चुकीचं सांगत आलो, मला क्षमा करा, आणि कमरेत असे वाकले की डोकं माइकला लागलं. ओसाकाच्या शौकिनांतल्या एकाने चष्मा काढून डोळे पुसले. मास्तरांचा आवाज चढला. खरी जागा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आहे म्हणाले, त्या वळणावर, जिझोपाशी. यावर मात्र सगळे प्रेमाने हसले. इतका मोठा मान मिळतोय तरी माणूस आपल्या जुन्या नोकरीला विसरला नाही, असं माझ्या शेजारची बाई मला सांगायला लागली. मी तिला म्हणाले, अहो, ते खरं बोलतायत. ती म्हणाली, हो ना, मनापासून बोलतात.

"माझं नाव खोडा," मास्तर म्हणाले. "मी नापास आहे."

आणि अख्खा बांध उठून उभा राहिला. एवढ्या टाळ्या नगराध्यक्षांनाही मिळाल्या नव्हत्या. त्या गर्दीत निम्मे त्यांनीच कधी ना कधी नापास केलेले होते, ते तर हात दुखेपर्यंत वाजवत होते. मी आदल्या दिवसापासून मनात जे हसू साठवून आणलं होतं, ते तसंच जिरलं. ज्याच्या एका फुलीने माणसं गाडीत रडायची, त्याने भर सभेत स्वतःवर फुली मारली आणि एकालाही ती वाचता आली नाही. मला त्यांची कीव आली, आणि गावाची लाज वाटली, आणि आपणही कालपर्यंत काय वाट बघत होतो हे आठवून स्वतःचीही वाटली.

कुरामोचीसाननी कापड ओढलं. नाव झकास कोरलेलं होतं, पहिलं अक्षर छान भरलेलं. मग त्यांनी हिनोकीदाला खूण केली. हिनोकीदाने एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तर नाही नाही म्हणून मान हलवत होते. पण मरायचा हुकूम कोणाचा घ्यायचा हे त्या माणसाला चांगलं ठाऊक होतं, तो असा सुरेख मागे वाकून पडला, की सगळे फोटो काढायला धावले. मास्तरांना त्यांनी बाजूला सरकायला सांगितलं, ते चित्रात येत होते.

साचिएसान उठून त्यांच्याजवळ गेली. मी मागेच होते. मास्तर तिला म्हणाले, अगं, तू तरी ऐकलंस ना?

"ऐकलं," ती म्हणाली. "चला आता. उद्या नऊ तारीख आहे."

सोमवारी सकाळी मी भाजी आणायला सायकलवरून निघाले होते. ड्रायव्हिंग स्कूल बंद, फाटकाला साखळी. कुंपणाच्या तारेपलीकडे पर्सिमनचं झाड नुसतं फळांनी लगडलेलं, आणि त्याच्याखाली जिझोपाशी ही दोघं. कुठून आत शिरली कोण जाणे. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कुंपणातलं भगदाड माहीत असणारच. मी एक पाय टेकवून थांबले.

मास्तरांनी सवयीने छत्री तिच्यापुढे केली. तिने घेतली नाही. त्यांच्या दुसऱ्या हातातली बांबूची तलवार डाव्या हाताने काढून घेतली.

"एक्केचाळीस वर्षं मी मेले," ती म्हणाली. "आता तुम्ही."

मास्तर काहीतरी बोलायला गेले. नायक डावखुरा नव्हता, असलं काहीतरी असणार. पण ती आधीच जागेवर उभी होती. तलवार वर गेली. मान हळूच वळली. डोळे नाकाशी आले. मी इतकी वर्षं पैशाला पासरी नट पाहिलेत, पण असं थबकणं कुणाचं पाहिलं नाही. एवढी वर्षं समोर उभी राहून ती सगळं बघत होती. आणि हाळी द्यायला कुणीच नाही, कारण हाळी देणारा तर मरायला उभा.

मी श्वास घेतला. अर्धा नाही, पुरा. आणि तारेपलीकडून ओरडले, "साचिए!"

तलवार खाली आली. मास्तरांनी पडण्याआधी मागे वळून पाहिलं, रस्ता मोकळा आहे का ते, आणि मग आधी एक गुडघा, मग दुसरा, असे रीतसर आडवे झाले. अगदी भिकार पडले. डावा हात पसरला होता, तो पांढऱ्या रेषेवर.

"मास्तर," मी म्हणाले, "हात रेषेला लागलाय."

त्यांनी मान वळवून हाताकडे पाहिलं. नीट पाहिलं. "लागलाय," म्हणाले. मग तारेकडे बघून म्हणाले, "हाळी वेळेवर होती, तोमिकोसान."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने. साचिएसानने मात्र तलवार परत खांद्यावर घेतली, दोन पावलं मागे सरकली आणि पाय नीट रोवले.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "अजून सहा राहिलेत."